रात्रीचा पहारा कोणाच्या हिशेबात?

मराठीत ‘डोकेदुखी’ हा शब्द आजाराचे नाव म्हणून जितका वापरला जातो, त्याहून अधिक तो उपद्रवाचे नाव म्हणून वापरला जातो. महापालिकेला पाणीगळती ही डोकेदुखी असते, मुख्याध्यापकांना शिक्षकांच्या बदल्या ही डोकेदुखी असते आणि घरमालकाला भाडेकरू ही तर कायमचीच. शब्द असा स्वस्त झाला की त्यामागची वेदनाही स्वस्त होते. डोके दुखते म्हणून कोणी कचेरीतून लवकर निघाला, तर मागे राहिलेल्यांच्या चेहऱ्यावर जे सूचक स्मित उमटते ते सर्वांच्या परिचयाचे आहे. या स्मिताची किंमत ज्यांना सर्वांत अधिक मोजावी लागते ते म्हणजे ‘क्लस्टर हेडेक’ या विकाराचे रुग्ण. आणि त्यांच्याहूनही अलक्षित राहणारे त्यांचे पती वा पत्नी.

हा विकार काही नवा नव्हे. लंडनचे विल्फ्रेड हॅरिस यांनी १९२६ साली आणि अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे बेयर्ड हॉर्टन यांनी १९३९ साली त्याची वर्णने केली. वेदना डोक्याच्या एकाच बाजूस, डोळ्याच्या मागे आणि भोवती उठते. त्याच बाजूचा डोळा लाल होतो, त्यातून पाणी वाहते, नाकपुडी चोंदते, पापणी खाली उतरते. एकेक आघात पंधरा मिनिटांपासून तीन तासांपर्यंत टिकतो आणि असे आघात दिवसाआड एक येथपासून दिवसाला आठ येथपर्यंत येतात. बहुसंख्य रुग्णांत हे आघात काही आठवडे वा महिने घोळक्याने येतात आणि मग दीर्घ काळ नाहीसे होतात. ‘क्लस्टर’ हे नाव त्यावरूनच पडले. तथापि दर शंभर रुग्णांतील दहा-पंधरा जणांना ही सुटी मिळतच नाही. वर्षभर वा त्याहून अधिक काळ आघात चालू राहिले आणि मध्ये सलग तीन महिन्यांचीही उसंत मिळाली नाही, तर त्या विकारास ‘क्रॉनिक’ म्हणजे चिवट, जुनाट म्हणतात. प्रस्तुत विवेचन मुख्यतः अशा घरांविषयी आहे.

या दुखण्याचे सर्वांत विलक्षण लक्षण म्हणजे त्याचे घड्याळ. कित्येक रुग्णांत आघात रोज त्याच वेळी येतो, आणि पुष्कळदा तो झोप लागल्यानंतर तास-दोन तासांनी येतो. १९९८ साली लंडनमधील संशोधकांनी आघात चालू असताना रुग्णांच्या मेंदूची चित्रे घेतली, तेव्हा हायपोथॅलॅमस या भागात हालचाल वाढलेली दिसली. झोप-जागेचे आणि दिवस-रात्रीचे वेळापत्रक सांभाळणारा मेंदूचा भाग तोच. तेव्हा रात्री अकराला निजलेला माणूस साडेबाराला किंचाळत उठतो, यात त्याच्या मनाच्या दुबळेपणाचा संबंध नाही. घरातील इतरांना मात्र नेमकी ही नियमितताच संशयास्पद वाटते. खरे दुखणे वेळ पाहून येते काय, असा प्रश्न विचारणारे वडीलधारे बहुतेक कुटुंबांत असतात.

आपल्याकडे आणखी एक अडचण भाषेचीच आहे. अर्धे डोके दुखले की मराठी घर त्याला ‘अर्धशिशी’ म्हणते. हा शब्द जुना आहे, अर्थपूर्ण आहे. पण त्याच्या पोटात हा निराळा विकार गडप होऊन जातो. अर्धशिशीच्या रुग्णाला अंधार हवा असतो, शांतता हवी असते, तो निपचित पडून राहतो. क्लस्टरच्या रुग्णाला पडून राहणे हीच यातना असते. तो खोलीत येरझारा घालतो, कपाळ भिंतीला टेकवतो, कधी आपटतो, खुर्चीत बसून पुढेमागे डोलत राहतो. अशा वेळी पत्नी साहजिकच म्हणते, ‘अहो, जरा पडा ना’. सासूबाई आतून सांगतात, ‘सूनबाई, दिवा मालव, त्याला झोपू दे.’ दोघींच्या बोलण्यात मायाच असते, आणि दोन्ही सल्ले चुकीचे असतात. कोणत्या दुखण्याशी गाठ आहे हे कळेपर्यंत घरातील प्रेमसुद्धा चुकीच्या दिशेने खर्च होते, हे या आजाराचे पहिले नुकसान.

निदान होईपर्यंत वर्षे जातात. दरम्यान चष्म्याचा नंबर बदलला जातो, सायनसची औषधे होतात, क्वचित एखादी निरोगी दाढही काढली जाते. यात केवळ वैद्यांना दोष देऊन भागणार नाही. आघात तासाभरात आपोआप ओसरत असल्यामुळे शेवटी जो उपाय केला त्याला यशाचे श्रेय मिळते. गोळी पोटात विरघळून तिचा अंमल सुरू होईपर्यंत दुखणे उतरणीला लागलेले असते, आणि गोळी ‘लागू पडली’ असे घर म्हणते. मध्यरात्री रिक्षा करून इस्पितळ गाठावे, केसपेपर काढावा, रक्तदाब मोजला जावा आणि सुई टोचली जाईतो आघात संपावा. मग श्रेय सुईला. ज्यांचे आघात ऋतूबरोबर येतात व जातात, त्यांच्याबाबतीत तर एखादा वैद्य, एखादा नवस आणि एखादा बुवा हे तिघेही एकाच वेळी यशस्वी ठरतात. कार्यकारणभावाची ही गल्लत अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना चांगली ठाऊक असते. भाव उतरणीला लागले असताना अधिकारावर आलेले प्रत्येक सरकार तिचा लाभ घेते. चिवट स्वरूपाच्या रुग्णाच्या घरात मात्र हा भ्रम फार काळ टिकत नाही. तेथे काहीच ‘लागू पडत’ नाही, हे वर्षभरात कळून चुकते, आणि त्यानंतर सुरू होतो तो पहारा.

पहारा हा शब्द येथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. समजा, चार आघात झाले आणि प्रत्येक आघात पाऊण तास टिकला, तर प्रत्यक्ष शुश्रूषेचे तीन तास भरतात. त्या तीन तासांत जोडीदाराने करावयाची कामे थोडी असतात, पण ती अचूक करावी लागतात. ऑक्सिजन असल्यास मास्क आणि नळी हाताशी हवी. सुमाट्रिप्टानचे इंजेक्शन असेल तर शेवटचे कधी दिले हे ठाऊक हवे. कारण चोवीस तासांत दोनच, आणि दोहोंत किमान तासाभराचे अंतर, अशी त्याची मर्यादा आहे. हृदयविकार असणाऱ्यास तर ते चालतच नाही. मुलांना दुसऱ्या खोलीत नेले पाहिजे. आणि सर्वांत अवघड म्हणजे गप्प बसले पाहिजे. ‘आता कसे वाटते?’ हा प्रश्न त्या क्षणी रुग्णाला असह्य होतो, स्पर्शही पुष्कळांना नको असतो. जवळ असणे आणि मध्ये न येणे हे एक कौशल्य आहे आणि ते कोणी शिकवीत नाही. आघात ओसरल्यावर वहीत तारीख, वेळ, अवधी, केलेला उपाय आणि परिणाम यांची नोंद करावयाची असते. तज्ज्ञाने व्हेरापामिलची मात्रा वाढवावी की नाही हे या वहीवर ठरते. मात्रा वाढली की हृदयाचा आलेख काढावा लागतो. त्याची आठवणही बहुधा वही लिहिणाऱ्यालाच ठेवावी लागते.

पण हे तीन तास म्हणजे खरा भार नव्हेच. खरा भार उरलेल्या एकवीस तासांचा असतो. त्यांत पत्नी स्वयंपाक करते, नोकरी करते, बाजारात जाते, झोपतेसुद्धा. मात्र एक कान उघडा ठेवून. लग्नाचे आमंत्रण आले की प्रथम मुहूर्त किती वाजताचा आहे हे पाहिले जाते. प्रवासाचा बेत ठरला की रात्री मुक्कामाला काय सोय आहे याची चौकशी होते. मद्याचा घोट आघात ओढवून आणू शकतो, म्हणून मित्रमंडळींच्या बैठकीत तिला कठोर व्हावे लागते आणि ‘वहिनी फार कडक’ अशी तिची ख्याती होते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळ-वापर पाहणी केली. भारतीय माणूस चोवीस तास कसे घालवितो हे तीत अर्ध्या-अर्ध्या तासाच्या रकान्यांत नोंदले गेले. पाहणी मोलाची आहे. परंतु रात्री साडेबाराच्या रकान्यात ही पत्नी काय करीत होती असे विचारले, तर उत्तर ‘झोप’ असेच लिहिले जाणार. आघाताच्या वेळेआधी दहा मिनिटे तिला आपोआप जाग येते, ही गोष्ट कोणत्याच रकान्यात बसत नाही.

बाजारात सज्जतेला किंमत असते. अग्निशामक दलाचा जवान आग न लागलेल्या रात्रीचाही पगार घेतो आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नसते. समाजाने त्याच्याकडून घेतलेली वस्तू म्हणजे त्याची तयारी. इस्पितळातील रात्रपाळीची परिचारिका, वीजमंडळाच्या उपकेंद्रातील कर्मचारी, या सर्वांच्या बाबतीत हा न्याय लागू होतो. घराचा उंबरठा ओलांडला की तो थांबतो. पिगू यांनी १९२० सालच्या ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात दाखवून दिले होते की, एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी घरकामवालीशी विवाह केला, तर काम तेवढेच राहूनही राष्ट्रीय लाभांश घटलेला दिसेल. शतक उलटून गेले तरी हा विनोद जुना झालेला नाही. घरच्या माणसाने घरच्या माणसासाठी केलेली सेवा राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात आजही धरली जात नाही. आणि जे हिशेबात नाही ते फुकट आहे, असे धोरणकर्त्यांना हळूहळू वाटू लागते.

वाटू लागते एवढेच नव्हे, तसे कायदेही होतात. ब्रिटनमध्ये १९७६ साली अपंगाच्या शुश्रूषेसाठी नोकरीला मुकणाऱ्यांना भत्ता देण्याची योजना सुरू झाली. त्यातून पतीबरोबर राहणाऱ्या विवाहितांना मात्र वगळण्यात आले होते, कारण त्या तशाही घरीच असणार असे गृहीत होते. आईच्या शुश्रूषेसाठी नोकरी सोडलेल्या जॅकलिन ड्रेक या विवाहितेने दाद मागितली आणि १९८६ साली युरोपीय न्यायालयाने तिच्या बाजूने निर्णय दिला, तेव्हा कोठे हा भेद गेला. आपल्याकडे असा भेद करण्याची वेळच आली नाही. भत्ताच नाही, तर वगळणार कोणाला! त्याऐवजी आपण स्तुती देतो. ‘नवऱ्याची किती सेवा करते’ हे प्रशस्तिपत्र समाज मुक्तहस्ताने वाटतो, कारण ते देण्यास खर्च येत नाही. वटपौर्णिमेच्या कथेतील सावित्रीला यमाशी एकदाच वाद घालावा लागला होता. या घरातील सावित्रीपुढे यम येत नाही, वरही देत नाही. येतो तो त्याचा दूत, रोज रात्री, ठरल्या वेळी, आणि पाऊण तासाने परत जातो.

आतापर्यंत रुग्ण पुरुष आणि शुश्रूषा करणारी स्त्री असे धरून विवेचन झाले. या विकारात पुरुषांचे प्रमाण अधिक असते हे खरे, पण पूर्वी समजले जात होते तितके ते अधिक नाही. स्त्रियांनाही तो होतो, आणि त्यांचे निदान अधिक रखडते. बाईचे डोके दुखणे हे आपल्या कुटुंबात कामाचा कंटाळा, सणाची धावपळ किंवा सासू-सुनेचे बिनसणे यांचे लक्षण मानले जाते. ती भिंतीवर डोके आपटू लागली तर प्रथम देवऋषी आठवतो, मेंदूविकारतज्ज्ञ नंतर. उपरोक्त पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या आणि जे पुरुष घरकाम करीत होते ते ९७ मिनिटे. घरातील माणसांच्या संगोपन-शुश्रूषेसाठी हेच आकडे १३४ आणि ७६ असे होते. यावरून काय दिसते? पत्नी आजारी पडली की पतीला एकदम दोन गोष्टी शिकाव्या लागतात, शुश्रूषा आणि स्वयंपाक. पुष्कळ पती त्या शिकतात, हेही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. मात्र त्यांना प्रशस्तिपत्रही मिळत नाही. शेजारी हळहळतात ते त्यांच्या स्वयंपाकघरात उभे राहण्यावर, पत्नीच्या वेदनेवर नव्हे.

या सहजीवनातील आतली बाजू उघडपणे बोलली जात नाही. आघात संपल्यावर रुग्ण क्षमा मागतो. रोज क्षमा मागणारा माणूस आणि रोज ‘असू द्या हो’ म्हणणारा माणूस यांच्यात काही काळाने एक चमत्कारिक औपचारिकता येते. एकाला आपण ओझे झालो आहोत असे वाटत राहते. दुसऱ्याला राग येतो, आणि आजारी माणसावर रागावणे अशोभनीय म्हणून तो राग मुलांवर, भांड्यांवर किंवा स्वतःवर निघतो. हा राग नैसर्गिक आहे आणि तो प्रेमाच्या अभावाचा पुरावा नव्हे, एवढे जरी दोघांनी एकदा शांत वेळी, आघात नसताना, एकमेकांपाशी बोलून घेतले तरी पुष्कळ भार हलका होतो. आघाताच्या वेळी काय करायचे आणि काय करायचे नाही, कोणाला फोन करायचा, कोणते वाक्य उच्चारायचे नाही, हेही अशाच शांत वेळी ठरवून ठेवता येते. आणि आठवड्यातील एक संध्याकाळ पहारेकऱ्याने पहाऱ्यावर नसावे; भाऊ, दीर, शेजारी, कोणीतरी त्या दोन तासांपुरते घरी बसावे. नातेवाईकांनी दिवाळीचे फराळाचे डबे देण्याऐवजी अशी एक संध्याकाळ दिली, तर त्याचे मोल अधिक होईल.

याहून गंभीर गोष्ट अशी, की या दुखण्याला इंग्रजीत ‘सुइसाइड हेडेक’ असे भीषण टोपणनाव पडलेले आहे. नाव अतिरंजित वाटले तरी त्यामागील भीती खोटी नाही. जीव नकोसा झाल्याची भाषा रुग्णाने केली, तर ती ‘दुखण्याच्या भरात बोलला’ म्हणून सोडून देऊ नये. तसे विचार येतात काय, असे जोडीदाराने सरळ विचारावे. विचारल्याने विचार बळावतात ही समजूत चुकीची आहे. डॉक्टरांना ते त्याच दिवशी सांगावे. सरकारने २०२२ साली सुरू केलेली टेली-मानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य मिळते, आणि ती केवळ रुग्णासाठी नाही. पहारेकऱ्यालाही ती खुली आहे.

आता प्रश्न असा की, हे सारे सोसणे अटळ आहे काय? विकार मुळातून बरा करण्याचा उपाय अद्याप सापडलेला नाही. प्रतिबंधक औषधे आहेत, त्यांना मर्यादा आहेत. २०१९ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले गॅल्कानेझुमॅब हे महागडे नवे औषधही घोळक्याने येणाऱ्या प्रकारापुरतेच मान्य झाले. चिवट प्रकारावरील चाचणीत ते अपेक्षित परिणाम दाखवू शकले नाही. मात्र चालू आघात थोपविण्याचा एक उपाय असा आहे की त्याचे मूळ द्रव्य हवेत आहे. मास्कमधून मोठ्या प्रवाहाने शुद्ध ऑक्सिजन घेतला तर बहुसंख्य आघात पाव तासात आटोक्यात येतात. २००९ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मिनिटाला १२ लिटर या वेगाने १५ मिनिटे ऑक्सिजन दिलेल्या आघातांपैकी ७८ टक्क्यांत आराम पडला. केवळ हवा दिली तेव्हा २० टक्क्यांत. असे स्पष्ट अंतर दाखविणारी औषधे वैद्यकात फार नाहीत.

याचा खर्च किती? मिनिटाला १२ लिटर याप्रमाणे १५ मिनिटांत १८० लिटर, म्हणजे ०.१८ घनमीटर. कोविडच्या साथीत, सप्टेंबर २०२० मध्ये, राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने सिलिंडरमध्ये भरलेल्या वैद्यकीय ऑक्सिजनची भरणा-केंद्रावरील कमाल किंमत घनमीटरला २५ रुपये ७१ पैसे ठरविली होती. त्या दराने एका आघाताचा ऑक्सिजन ४ रुपये ६३ पैशांत पडतो. कर, वाहतूक, सिलिंडरचे भाडे आणि अनामत हे सर्व त्यावर चढेल आणि रक्कम कित्येक पट होईल, हे मान्य. तरीही मूळ औषध चहाच्या कपाहून स्वस्त आहे ही गोष्ट बदलत नाही. मोठ्या, सात घनमीटरच्या सिलिंडरमध्ये असे सुमारे ३८ आघात निभतात. दिवसाला चार आघात धरले तर तो दहा दिवसही पुरत नाही. दहाव्या दिवशी नवा सिलिंडर दारात यावा लागतो आणि एकट्या बाईला तो जिन्यावरून वर नेता येत नाही. खरी अडचण किमतीची नसून पुरवठ्याची आहे, ती येथे.

या पुरवठ्यात कोणाला स्वारस्य नाही, कारण ऑक्सिजनचे पेटंट कोणाकडे नाही. त्याचे गुण सांगत डॉक्टरांच्या खोलीबाहेर बॅग घेऊन बसणारा प्रतिनिधी नाही. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही वृद्धांच्या सरकारी विमायोजनेने, मेडिकेअरने, २०११ साली या विकारासाठी घरगुती ऑक्सिजनचा खर्च संशोधन-चाचणीबाहेर देण्यास नकार दिला होता. ते बंधन उठण्यास २०२१ साल उजाडले. आपल्याकडे अडचण अधिक साधी आहे. किती प्रवाह लागतो, कसा मास्क लागतो, हेच पुष्कळ ठिकाणी ठाऊक नसते. २०२१ च्या उन्हाळ्यात घेतलेली ऑक्सिजन यंत्रे अनेक घरांच्या माळ्यावर पडून आहेत. पण त्यांपैकी बहुतेक मिनिटाला पाच लिटरची आहेत, आणि या कामास ती अपुरी पडतात. रबरी पिशवी जोडलेला आणि सोडलेला श्वास परत आत न येऊ देणारा मास्क हवा, तो मिळत नाही असे नाही, मागितला जात नाही. फुप्फुसाचा जुना आजार असणाऱ्यास ऑक्सिजन अपायकारक ठरू शकतो, म्हणून हे सर्व तज्ज्ञाच्या चिठ्ठीनेच झाले पाहिजे. आणि ज्या खोलीत सिलिंडर असेल तेथे विडी-सिगारेट नको, शेगडी नको, देवघरातील समईसुद्धा नको. ही शेवटची गोष्ट एखाद्या डॉक्टरने सांगितल्याखेरीज कोणत्या सासूबाईंना पटणार आहे?

देशात क्षय आहे, कुपोषण आहे. असल्या विरळ दुखण्यासाठी यंत्रणा कशाला राबवावी, असा आक्षेप येईल आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून आकडा पाहू. पाश्चात्य देशांतील पाहण्यांत हा विकार आयुष्यात केव्हातरी होणाऱ्यांचे प्रमाण हजारी एकाच्या आसपास आढळले आहे. तेच प्रमाण येथे धरले, तर २०११ च्या जनगणनेतील महाराष्ट्राच्या ११ कोटी २४ लाख लोकसंख्येत सुमारे एक लाख माणसे येतात, आणि त्यांतील चिवट प्रकारची ११ ते १७ हजार. हा ढोबळ गुणाकार आहे, पाहणी नव्हे. पण एवढ्या घरांसाठी नवी इस्पितळे बांधावयाची नाहीत. जिल्हा रुग्णालयांत ऑक्सिजन आहेच. कोविडनंतर तो पूर्वीपेक्षा अधिक आहे. आकस्मिक विभागातील डॉक्टरला निदानाची चार लक्षणे ठाऊक असणे, नोंदलेल्या रुग्णाला केसपेपरच्या रांगेत न ठेवता प्रथम मास्क लावणे, आणि तज्ज्ञाच्या चिठ्ठीवर सिलिंडर भाड्याने घरपोच देणे, एवढेच अपेक्षित आहे. क्षयाच्या खर्चातून एक रुपयाही त्यासाठी वळवावा लागणार नाही.

राहिला नोकरीचा प्रश्न. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकार नमूद आहेत. जुनाट मेंदूविकारांचा उल्लेख त्यांत आहे, पण नावे आहेत ती मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन यांची. शिवाय आरक्षणासारखे बहुतेक लाभ ४० टक्के अपंगत्वाच्या दाखल्याशी बांधलेले आहेत. सकाळी दहा वाजता मंडळापुढे धडधाकट उभा असलेला आणि रात्री साडेबाराला भिंतीवर डोके आपटणारा माणूस किती टक्के अपंग मानावा? हे कोष्टक मुळात कायमच्या व्यंगासाठी केलेले आहे, येऊन जाणाऱ्या विकारासाठी नव्हे.

रजेच्या नियमांतही हाच दोष आहे. रजा सलग घेतली जाईल, तापाने पडलेला माणूस चार दिवस घरी राहील, असे ते नियम गृहीत धरतात. क्लस्टरच्या रुग्णाला चार दिवस नकोत, सकाळी दीड तास हवा असतो. आणि त्याच्या पत्नीला रात्रभराच्या जागरणानंतर दहाऐवजी साडेअकराला कामावर येण्याची मुभा हवी असते. अमेरिकेत १९९३ च्या कौटुंबिक व वैद्यकीय रजा कायद्याने पती वा पत्नीच्या गंभीर आजारासाठी वर्षाला बारा आठवड्यांची बिनपगारी रजा दिली. त्या कायद्यात उणिवा पुष्कळ आहेत. पन्नासहून कमी नोकर असलेल्या खासगी आस्थापना तर त्याच्या कक्षेतच येत नाहीत. पण त्यात एक शहाणपणाची तरतूद आहे: वैद्यकीय गरज असेल तर ही रजा तुकड्यातुकड्यांनी, तासांच्या हिशेबानेही घेता येते. आपल्या हजेरीपत्रकात पूर्ण दिवसाचा रकाना आहे, अर्ध्या दिवसाचा आहे, तीन लेटमार्कांची एक रजा कापण्याचीही सोय कित्येक कचेऱ्यांत आहे. दीड तासाला मात्र रकाना नाही. मेंदूविकारतज्ज्ञाच्या दाखल्यावर रुग्णाला आणि त्याच्या जोडीदाराला वर्षाकाठी ठराविक तासांची रजा देणे बँका, विद्यापीठे, महाविद्यालये आणि महापालिका यांना आपापल्या सेवानियमांत एका परिपत्रकाने, फार तर नियामक मंडळाच्या एका ठरावाने, साधता येण्यासारखे आहे. त्यासाठी विधिमंडळाच्या अधिवेशनाची वाट पाहावी लागत नाही.